शेततळे दिसले पाहिजे: मराठवाड्याच्या उपग्रह प्रतिमा ऑनलाइन ठेवण्याचे एक प्रकरण

2023 चा ऑगस्ट हा 1901 पासूनच्या नोंदींमधला देशभरातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि मराठवाड्यात त्याची झळ दिवाळीच्या आधीच विहिरींच्या तळाला लागली. त्या सुमारास धारूर आणि अंबाजोगाई तालुक्यांत पाणलोटाचे काम करणाऱ्या एका संस्थेने आमच्याकडे एक मागणी मांडली. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत कोणत्या पाझर तलावात, बंधाऱ्यात आणि शेततळ्यात किती पाणी उरले आहे, हे गावातल्या कोणालाही स्वतःच्या मोबाइलवर पाहता यावे. आणि तेच चित्र लांबून पाहिले, तर आठही जिल्हे एकत्र दिसून जायकवाडी, माजलगाव, मांजरा, येलदरी या धरणांशी ताडून पाहता यावे, एवढीच ती मागणी होती. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही आठवण बैठकीतल्या प्रत्येकाच्या मनात ताजी होती, त्यामुळे या मागणीकडे हौसेचा नकाशा म्हणून कोणीच पाहत नव्हते.

प्रतिमा कोठून घ्यायच्या, हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-2 मालिकेतला पहिला उपग्रह जून 2015 मध्ये आणि दुसरा मार्च 2017 मध्ये सोडला गेला. तेव्हा दोन्ही मिळून साधारण दर पाच दिवसांनी आपल्या भागावरून जात होते, आणि या मालिकेच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. एकूण 13 पट्ट्यांपैकी (एक पट्टा म्हणजे प्रकाशाच्या एका ठरावीक भागात घेतलेली प्रतिमा) निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त हे चार पट्टे 10 मीटरच्या पिक्सेलचे असतात, आणि पाणी ओळखण्यासाठी मुख्यतः तेच लागतात. अवघड भाग पुढचा होता, म्हणजे या प्रतिमा कोणत्या रूपात साठवायच्या, किती लहान करायच्या आणि बालाघाटाच्या डोंगरात, जिथे मोबाइलची रेंज येते आणि जाते, तिथपर्यंत त्या कशा पोहोचवायच्या.

आकाराचा हिशेब

मराठवाड्याचे क्षेत्रफळ साधारण 64,500 चौरस किलोमीटर आहे. 10 मीटरच्या पिक्सेलने एका चौरस किलोमीटरमध्ये 10,000 पिक्सेल बसतात, म्हणजे एका तारखेच्या एका पट्ट्यात सुमारे 64.5 कोटी पिक्सेल होतात. चार पट्टे आणि प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले, तर एका तारखेचा कच्चा माल 5 जीबीच्या थोडा वर जातो. ऑक्टोबर ते मे या 240 दिवसांत दर पाच दिवसांनी एक याप्रमाणे 48 तारखा धरल्या, तर एका हंगामाचे अडीचशे जीबीच्या आसपास होतात. आजच्या डिस्कच्या मानाने हा आकडा घाबरवणारा नाही. तो मोबाइलच्या मानाने घाबरवणारा आहे, कारण पाहणाऱ्याला हवा असतो तो आपल्या गावाचा दोन किलोमीटरचा तुकडा, आणि तो तुकडा या ढिगातून दोन-तीन सेकंदांत बाहेर आला नाही, तर माणूस फोन खिशात ठेवून देतो.

आमची पहिली मांडणी याच ठिकाणी फसली. मूळ प्रतिमा जेपेग 2000 या स्वरूपात येतात. हे स्वरूप साठवणीला चांगले आहे, परंतु बहुतेक ब्राउझर ते थेट उघडत नाहीत आणि ते उलगडायला संगणकाला बरेच गणित करावे लागते. म्हणून आम्ही त्या प्रतिमा साध्या जिओटिफमध्ये, म्हणजे जमिनीवरची जागा सोबत नोंदवणाऱ्या प्रतिमेच्या स्वरूपात, बदलून सर्व्हरवर ठेवल्या. छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या कार्यालयात त्या झटकन उघडत होत्या, आणि त्यामुळे आमची खात्री पटली. ही खात्री चुकीची होती. साध्या जिओटिफमध्ये आकडे ओळीने लिहिलेले असतात, म्हणजे प्रतिमेची पहिली आडवी ओळ पूर्ण, मग दुसरी, मग तिसरी. सेंटिनेल-2 च्या प्रतिमा ज्या चौकोनांत येतात, त्यांतला एक 10,980 पिक्सेल रुंद असतो. पडद्यावर 256 बाय 256 पिक्सेलची खिडकी दाखवायची असेल, तर तिला लागणारे तीन रंगांचे बाइट जेमतेम 0.2 एमबी भरतात, परंतु ओळीने लिहिलेल्या फाइलमधून ती काढायला 256 ओळी आडव्या पूर्ण वाचाव्या लागतात, आणि ते होतात 8.4 एमबी. म्हणजे हव्या त्यापेक्षा 43 पट वाचन. त्यात आमच्या फायलींना पिरॅमिड, म्हणजे दुरून पाहण्यासाठी आधीच लहान करून ठेवलेल्या प्रती नव्हत्या, त्यामुळे पूर्ण चौकोन एका नजरेत पाहायचा म्हटले, की सर्व्हर प्रत्येक वेळी 362 एमबी वाचत बसे. कार्यालयात सर्व्हर आणि पाहणारा एकाच जाळ्यावर होते म्हणून हे लक्षात आले नाही; धारूरच्या घाटात ते पहिल्याच दिवशी लक्षात आले.

दुसरी मांडणी म्हणजे बहुतेक नकाशांची नेहमीची पद्धत. प्रत्येक तारखेचे चित्र आधीच 256 पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत कापायचे, प्रत्येक तुकड्याची वेगळी जेपेग फाइल करायची आणि ब्राउझरला नेमका हवा तो तुकडा द्यायचा. झूम 14 या पातळीवर आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल सुमारे 9 मीटरचा होतो, म्हणजे एक तुकडा सुमारे 2.3 किलोमीटर रुंद. मराठवाड्यासाठी त्या एका पातळीवर 12,000 आणि वरच्या सगळ्या पातळ्या धरून 16,000 तुकडे लागतात. 48 तारखांचे झाले पावणेआठ लाखांच्या आसपास, आणि नैसर्गिक रंगांचे एक व अवरक्ताचे एक अशी दोन चित्रे ठेवायची म्हटल्यावर पंधरा लाखांच्या वर. एवढ्या बारीक फायली एका डिस्कवरून दुसरीकडे नेताना वेळ जातो तो बाइट हलवण्यात नव्हे, तर प्रत्येक फाइलची नोंद उघडण्या-मिटण्यात. शिवाय रंगांची मांडणी एकदा बदलायची ठरली, की सगळे कापकाम पुन्हा. तरीही गावात चित्र उघडू लागले, आणि त्या एका गोष्टीसाठी आम्ही बाकीचा त्रास सोसायला तयार होतो.

तळ्याच्या जागी रान

डिसेंबरात धारूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आम्ही हे चित्र दाखवत होतो. अवरक्त पट्टा लाल रंगात दाखवलेला असल्याने पिके तांबडी आणि पाणी गडद निळे दिसत होते. वस्तीवरून आलेल्या एका बाईंनी स्वतःच्या फोनवर आपले रान शोधले, विहीर ओळखली, बांध ओळखला आणि मग बराच वेळ एकाच जागी बोटाने चित्र मोठे-लहान करत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "साहेब, तळं निम्मं भरलेलं हाय, आन् तुमच्या नकाशात तिथं नुसतं रान दिसायलंय."

मी म्हणालो, "ताई, जरा थांबा, मूळ चित्र काढून बघतो."

लॅपटॉपवर मूळ 16 बिटची प्रतिमा होती. त्यांच्या शेतावर जाऊन मी पिक्सेलचे आकडे एकेक करून वाचले. भोवतालच्या तुरीच्या पिक्सेलांत जवळच्या अवरक्त पट्ट्याचा आकडा तीन हजारांच्या वर होता आणि मधल्या चार पिक्सेलांत तो चौदाशेच्या आसपास उतरला होता. पाणी अवरक्त प्रकाश गिळते, त्यामुळे त्या चार पिक्सेलांत पाणी आहे, यात शंकेला जागा नव्हती. उपग्रहाला तळे दिसले होते. ते आम्ही आमच्या हाताने पुसले होते.

कसे पुसले, हे समजून घ्यायला जेपेगच्या आत डोकवावे लागते. जेपेग चित्राचे आधी उजेड आणि रंग असे दोन भाग करते. माणसाचा डोळा उजेडातले बारकावे जास्त आणि रंगातले बारकावे कमी टिपतो, या आधारावर रंगाचा भाग आडवा आणि उभा दोन्हीकडे निम्मा केला जातो. त्यानंतर प्रत्येक भागाचे आठ बाय आठचे चौकोन पाडून त्यांतले सावकाश बदलणारे चढउतार ठेवले जातात आणि झपाट्याने बदलणारे बारीक चढउतार गुणवत्तेच्या आकड्यानुसार छाटले जातात. लग्नाच्या फोटोत हे खपून जाते. आपल्या बाबतीत एक पिक्सेल म्हणजे 10 मीटर जमीन आहे. उजेडाचा एक चौकोन म्हणजे 80 मीटर बाय 80 मीटर, सुमारे दीड एकर. आणि रंग निम्मा केलेला असल्यामुळे रंगाचा एक चौकोन म्हणजे 160 मीटर बाय 160 मीटर, सव्वासहा एकर. 30 मीटर बाय 30 मीटरचे शेततळे हे त्या सव्वासहा एकरांतले फार तर तीन बाय तीन पिक्सेल असते, आणि ते पिक्सेलच्या जाळीशी जुळून क्वचितच बसते, त्यामुळे निव्वळ पाण्याचे पिक्सेल चारच उरतात. रंग निम्मा करताना त्यांचा निळा शेजारच्या तुरीच्या तांबड्यात मिसळला, मग गुणवत्ता 60 वर ठेवल्यामुळे उरलेला फरक बारीक चढउतार म्हणून छाटला गेला, आणि पडद्यावर उरला तो किंचित गडद तांबडा डाग, जो बांधावरच्या झाडीसारखा दिसत होता.

या प्रकरणातला खरा प्रश्न मला त्या दिवशी कळला. तोपर्यंत आम्ही "फाइल किती लहान करता येईल" असे विचारत होतो आणि चित्र डोळ्याला बरे दिसते ना, एवढेच तपासत होतो. विचारायला हवे होते ते असे: या चित्रात टिकलीच पाहिजे अशी सर्वांत लहान वस्तू कोणती, आणि ती किती पिक्सेलांची आहे? जायकवाडीचा नाथसागर कोणत्याही कॉम्प्रेशनमध्ये टिकतो. परंतु नाथसागराचे पाणी पाहायला गावकऱ्याला आमची गरज नाही. त्याचा आकडा रोज वर्तमानपत्रात येतो.

तिसरी मांडणी

पहिला बदल असा की पाहण्याची प्रत आणि मोजण्याची प्रत आम्ही पूर्णपणे वेगळ्या केल्या. मोजण्याच्या प्रतीत मूळ चार पट्टे, मूळ 16 बिट आणि मूळ प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) ठेवले आणि त्या लॉसलेस पद्धतीने लहान केल्या, म्हणजे उलगडल्यावर प्रत्येक आकडा जसाच्या तसा परत येतो. यासाठी झेडस्टँडर्ड ही पद्धत वापरली आणि तिच्या आधी प्रत्येक पिक्सेलचा आकडा लिहिण्याऐवजी शेजारच्या पिक्सेलपासूनचा फरक लिहिण्याची सोय चालू केली. काळ्या मातीच्या सपाट पट्ट्यात शेजारी-शेजारी आकडे सारखेच असतात, फरक लहान येतात आणि फाइल चांगली आकसते. तुकड्या-तुकड्यांच्या बागायतीत ती तितकी आकसत नाही. या प्रती ऑनलाइन कोणालाही थेट दाखवल्या जात नाहीत.

पाहण्याच्या प्रतीसाठी आम्ही क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ ही रचना घेतली. 2020 मध्ये जीडॅल या नकाशा-प्रतिमा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 3.1 आवृत्तीत तिची थेट सोय आली आणि 2023 मध्ये ओजीसी या नकाशाविषयक मानके ठरवणाऱ्या संस्थेने ती मानक म्हणून स्वीकारली. फाइल एकच राहते, परंतु आतून ती 512 पिक्सेलच्या चौकोनांत मांडलेली असते, पिरॅमिडच्या लहान प्रती तिच्याच पोटात असतात आणि कोणता चौकोन कितव्या बाइटपासून सुरू होतो याची यादी फाइलच्या सुरुवातीला असते. वाचणारा आधी ती यादी मागवतो आणि मग फाइलमधले नेमके हवे तेवढेच बाइट मागतो. पिरॅमिडने आकार वाढतो तो एक तृतीयांशच, कारण प्रत्येक पातळी आधीच्या पातळीच्या एक चतुर्थांश असते. पंधरा लाख फायलींच्या जागी तारखेला दोन-तीन फायली आल्या.

कॉम्प्रेशनचा निर्णय मात्र रचनेने सुटला नाही. हाताशी असलेली तयार सोय तीन पट्ट्यांच्या जेपेगमध्ये रंग आपोआप निम्मे करते. वेबपी हे प्रतिमेचे स्वरूप आणखी चांगला पर्याय आहे असे आम्हाला सुचवले गेले, आणि साध्या फोटोंसाठी तो आहेच, परंतु त्याच्या लॉसी, म्हणजे तपशील छाटणाऱ्या, प्रकारात रंग निम्मे करण्याला पर्यायच नाही, त्यामुळे शेततळ्यापुरते दुखणे तेच राहते. शेवटी आम्ही जिओटिफ आधी साध्या पद्धतीने तयार केली, तिच्यात जेपेग वापरताना रंगांचे रूपांतर बंद ठेवले, म्हणजे तिन्ही पट्टे पूर्ण तपशिलाने साठवले जातात, आणि गुणवत्ता 90 वर नेली. फाइल आधीपेक्षा बरीच मोठी झाली, हे मान्य केले पाहिजे. प्रतिमेच्या कडांना एक वेगळा मुखवटाही द्यावा लागला, कारण जेपेगमध्ये कडेबाहेरचा शून्य शून्य राहत नाही आणि चित्राला काळी ठिपक्यांची झालर लागते.

या सगळ्याहून जास्त उपयोग झाला तो तिसऱ्या एका थराचा. पाणी डोळ्याने शोधायला लावण्याऐवजी आम्ही ते मूळ आकड्यांवरून आधीच शोधले. मॅकफीटर्स यांनी 1996 मध्ये मांडलेला पाणी-निर्देशांक हिरव्या आणि अवरक्त पट्ट्यांमधल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागतो, आणि तो पाण्यावर धन येतो. त्यावरून केलेल्या पाण्याच्या थरात बहुतेक जागी एकच आकडा, शून्य, असल्यामुळे लॉसलेस पद्धतीतही तो रंगीत चित्राच्या तुलनेत अगदी किरकोळ जागा घेतो. परंतु येथेही पिरॅमिडने आम्हाला पुन्हा फसवले असते. "पाणी आहे" किंवा "पाणी नाही" असे दोनच आकडे ठेवून लहान प्रती केल्या, तर चार पिक्सेलांचा एक करताना बहुमत रानाचे होते आणि तळे पहिल्या-दुसऱ्या पातळीवरच नाहीसे होते. म्हणून आम्ही पिक्सेलमध्ये पाण्याचा हिस्सा 0 ते 100 असा लिहिला आणि लहान प्रती सरासरीने केल्या. 30 मीटर बाजूचे भरलेले तळे 36 मीटरच्या पिक्सेलमध्ये पूर्ण बसले, तर तिथे सुमारे 69, 72 मीटरच्या पिक्सेलमध्ये 17 आणि 144 मीटरच्या पिक्सेलमध्ये 4 इतके उरते. रंगांची पट्टी एकापासूनच निळी सुरू केल्यामुळे तालुका पूर्ण दिसत असतानाही तिथे फिका निळा ठिपका राहतो. आठ जिल्हे एकत्र दिसतात त्या पातळीवर तो जातो, आणि तिथे तो गेला तरी चालतो.

मध्येच आलेल्या अडचणी

नवी मांडणी सर्व्हरवर चढवल्यावर पहिले दोन दिवस ती आधीपेक्षाही हळू चालली. आम्ही फाइल पुन्हा पुन्हा तपासली, तिच्यात दोष सापडेना. शेवटी ब्राउझरच्या जाळ्याच्या नोंदी उघडल्या, तेव्हा प्रत्येक मागणीपुढे 206 ऐवजी 200 असे उत्तर दिसले. 206 म्हणजे मागितलेला तुकडा दिला. 200 म्हणजे पूर्ण फाइल दिली. जागा पुरवणाऱ्या कंपनीच्या पुढच्या सर्व्हरची मांडणी अशी होती की तो बाइटांचा पल्ला वाचतच नव्हता आणि एका तुकड्यासाठी शेकडो एमबीची फाइल सोडायला सुरुवात करत होता. ती मांडणी बदलून घेतल्यावर त्याच फाइलमधून त्याच घाटात चित्र येऊ लागले. ज्यांना ही रचना वापरायची आहे त्यांनी फाइल तयार करण्याच्या आधी हे उत्तर तपासावे, असे मी कळकळीने सांगेन.

दुसरी अडचण जुन्या साठ्याची होती. संस्थेला 2019 ची तुलना हवी होती. 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनेल-2 च्या आकड्यांत 1,000 मिळवलेले असतात, आणि परावर्तन, म्हणजे जमिनीवरून परत फिरलेल्या प्रकाशाचे प्रमाण, काढताना ते वजा करावे लागतात. हे सांगणारी माहितीची फाइल प्रतिमेसोबत येते, परंतु पहिल्या मांडणीत जिओटिफ करताना आम्ही ती टाकून दिली होती. परिणाम किती मोठा होतो, ते एका उदाहरणाने दिसेल. हिरव्या पट्ट्यात 800 आणि अवरक्तात 300 असेल, तर निर्देशांक 0.45 येतो, त्याच पाण्याचे आकडे 1,800 आणि 1,300 असे घेऊन वजाबाकी विसरली, तर तो 0.16 येतो. म्हणजे भरलेला तलाव 2019 पेक्षा गढूळ किंवा उथळ झाल्यासारखा वाटेल. आता प्रत्येक फाइलच्या आतच ही वजाबाकी, प्रतिमेची तारीख आणि प्रक्रियेची आवृत्ती लिहिलेली असते, कारण वेगळी ठेवलेली माहिती आज ना उद्या फाइलपासून तुटते.

तिसरी गोष्ट क्षेत्रफळाची. पाहण्याची प्रत ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या वेब मर्केटर प्रक्षेपणात आहे, आणि ते प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे सगळे फुगवते. संस्थेच्या एका कार्यकर्त्याने पडद्यावरच्या चित्रावरून एका पाझर तलावाचे पाणक्षेत्र काढले आणि ते प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त भरले. आपल्या अक्षांशांवर ही वाढ दक्षिणेला 10 टक्क्यांपासून उत्तरेला 14 टक्क्यांपर्यंत असते. दुष्काळात 12 टक्के जास्त पाणी दाखवणारा नकाशा घातक आहे. त्यामुळे मोजणी आता केवळ मोजण्याच्या प्रतीवर होते आणि तिथून आलेला आकडा चित्रावर लिहिला जातो. त्यातही किनवट तालुक्याची वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण 78 अंश रेखांशापाशी यूटीएम या मोजणीच्या प्रतीच्या प्रक्षेपणाचा 43 वा विभाग संपून 44 वा सुरू होतो आणि किनवट शहर त्या पलीकडे आहे.

डिसेंबरातल्या त्या बाईंना फेब्रुवारीत नवे चित्र दाखवले, तेव्हा तळे निळे दिसले आणि डिसेंबरपेक्षा आकसलेलेही दिसले, जे खरे होते. परंतु त्यांच्या शेजारच्या रानातले पंधरा मीटरचे लहान तळे तेव्हाही दिसले नाही आणि पुढेही दिसणार नाही, कारण 10 मीटरच्या जाळीत त्याला जेमतेम एक पूर्ण पिक्सेल मिळतो, बाकीच्यांत पाणी आणि माती मिसळलेली असते, आणि कोणतीही साठवण मुळात नसलेला तपशील परत आणू शकत नाही. अशा तळ्यांची जागा आम्ही कृषी सहायकांच्या यादीवरून घेतो आणि ती नकाशावर निळ्या रंगात भरत नाही. पोकळ वर्तुळाने दाखवतो, आणि त्या वर्तुळाला हात लावला की "पाणी आहे की नाही, हे प्रतिमेवरून कळत नाही, जागेवर पाहावे" असे लिहिलेले दिसते.